विशेष शिक्षणाच्या एम.एड.च्या वर्गात कोण बसते आणि कोण बसत नाही?

कान्हतीर (इंदूर) · रविवार, सकाळी १०.१५

सर्वांना नमस्कार.

इंदूरमधील एका विशेष शाळेत बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना तेरा वर्षे शिकवल्यानंतर, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी विशेष शिक्षणाच्या एम.एड.ला प्रवेश घेतला. आता दुसरे वर्ष सुरू आहे आणि लघुप्रबंधाचा विषय ठरला आहे. आमच्या क्षेत्रातले प्रबंध बहुधा मुलांवर असतात. एखाद्या अध्यापन पद्धतीने वाचन किती सुधारले, पालकांवर ताण किती आहे, सामान्य शाळेतील शिक्षकांचा समावेशनाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कसा आहे, असे ते विषय असतात. मला मात्र आमच्या स्वतःच्या बाकांकडे पाहायचे आहे. विशेष शिक्षणाची पदव्युत्तर पदवी घेणारे विद्यार्थी कोणत्या वयाचे, कोणत्या घरांतले, कोणत्या भाषांचे, कोणत्या अनुभवाचे असतात, हे मला नोंदवायचे आहे.

हा विषय महत्त्वाचा वाटण्याचे कारण सांगते. एम.एड. झालेल्यांपैकी अनेक जण पुढे विशेष शिक्षणाच्या डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांत अध्यापक होतात. तिथून बाहेर पडणारे शिक्षक शाळांत जातात. म्हणजे आज इंदूरच्या एका खोलीत बसलेल्या थोड्या लोकांमध्ये जर भिली ही आदिवासी भाषा बोलणारा एकही नसेल किंवा कर्णबधिर व्यक्ती एकही नसेल, तर त्या उणिवेचा परिणाम काही वर्षांनी झाबुआच्या किंवा अलिराजपूरच्या एखाद्या मुलापर्यंत पोहोचतो. २०११च्या जनगणनेनुसार या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ८५ टक्क्यांहून अधिक आहे आणि हे जिल्हे इंदूरपासून काही तासांच्याच अंतरावर आहेत.

कार्यालयातून मागील तुकड्यांच्या प्रवेश अर्जांची माहिती मागितली, ती नावे वगळून मिळाली. तिच्यात जन्मवर्ष, लिंग, प्रवर्ग, मूळ निवासी दाखला, बी.एड.चे गुण, भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी आणि ‘दिव्यांग: होय किंवा नाही’ एवढेच रकाने आहेत. एवढ्यावरून स्त्रिया बहुसंख्य आहेत हे दिसते आणि वयाचा पल्ला बराच लांब आहे हेही दिसते. मात्र पहिल्याच दिवशी वर्गात एकमेकांच्या ओळखी करून घेताना जे कळले, त्यातले काहीच या रकान्यांत मावलेले नाही. एक जण रोज देवासहून पहाटेच्या बसने येते. एकीचा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे आणि ती लहानपणापासून घरातली दुभाषी आहे. एकीने मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान झाल्यावर बँकेतली नोकरी सोडली आणि आधी पदविका, मग बी.एड. आणि आता एम.एड. असा मार्ग धरला. एक मुलगी बी.एड. संपवून थेट आली आहे, तिला वर्गाबाहेरच्या अनुभवाची उणीव जाणवते. मला वाचनाची सवय राहिलेली नाही, याची मला जाणीव होते. आम्ही दोघी एकाच बाकावर बसतो आणि आमच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या आहेत, पण अर्जावर आमच्यातला फरक जन्मवर्षाचा तेवढा दिसतो.

भाषेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण इथले बहुतेक वाचक मराठी घरांतले आहेत. आमच्या वर्गात घरी मराठी बोलणाऱ्या आम्ही तिघी आहोत. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर अशा वस्त्यांत वाढलेल्या आमच्यासारख्यांची शाळा हिंदीत झाली, स्वयंपाकघर मराठीत राहिले आणि एम.एड.चे संदर्भग्रंथ इंग्रजीत आले. प्रवेश अर्जावर आम्ही ‘मध्य प्रदेशच्या मूळ निवासी’ आहोत आणि तिथेच नोंद संपते. हा निव्वळ अभिमानाचा प्रश्न असता तर मी लिहिले नसते. माझ्या शाळेत आलेल्या एका मराठी कुटुंबाला, मुलाला उशिरा बोलणे येत असल्याने, ‘घरात फक्त हिंदी बोला’ असा सल्ला कोणीतरी दिला होता. आजीला हिंदीत गोष्ट सांगता येईना, म्हणून आजीने त्या मुलाशी बोलणेच कमी केले. जिच्याशी तो सर्वांत जास्त वेळ असायचा, तीच गप्प झाली. दोन भाषांत वाढल्याने बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाचे नुकसान होते, असे मानायला आधार नाही, हे त्या कुटुंबाला सांगणारी व्यक्ती स्वतः दोन भाषांत वाढलेली असेल, तर ती अधिक विश्वासाने सांगते. म्हणून शिक्षकाची मातृभाषा ही माझ्या मते नोंदवण्याजोगी गोष्ट आहे.

आपल्यापैकी जे या अभ्यासक्रमातून गेले आहेत, शिकवत आहेत किंवा ज्यांनी प्रवेश घ्यायचा विचार करून सोडून दिला, त्यांनी आपले अनुभव लिहावेत ही विनंती. जे सोडून गेले त्यांचे म्हणणे मला विशेष हवे आहे, कारण त्यांची नोंद कोणत्याच कार्यालयात नसते.

पाठनियोजन (भोपाळ) · रविवार, दुपारी १२.५०

कान्हतीरताई, विषय उत्तम निवडला आहे. मी विशेष शिक्षणाच्या बी.एड. आणि एम.एड. दोन्ही वर्गांना बरीच वर्षे शिकवत आहे. आपण वर्गात जे पाहिले, त्याचा बराचसा भाग प्रवेशाच्या अटींनीच ठरवून टाकलेला असतो, हे आधी मांडतो.

सामान्य एम.एड.ला येणारा प्रवाह मोठा आहे. विशेष शिक्षणाच्या एम.एड.ला मात्र विशेष शिक्षणातील बी.एड. लागते, किंवा सामान्य बी.एड.सोबत परिषदेची मान्यता असलेली विशेष शिक्षणाची पदविका लागते, आणि त्यात ठरावीक गुण लागतात. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा आहे. त्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीला या क्षेत्रात व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही. म्हणजे आपल्या वर्गातील प्रत्येक जण आधी एका अरुंद दारातून आत आलेला आहे. मग विशेषीकरणाचे दार आणखी अरुंद आहे. श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता असे वेगवेगळे अभ्यासक्रम आहेत आणि ते सर्व एका शहरात नसतात. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अक्षमतांचे प्रकार ७ वरून २१ केले, पण म्हणून शिक्षक तयार करणाऱ्या जागा त्या प्रमाणात पसरल्या असे झाले नाही.

दुसरा बदल २०१५चा आहे. त्या वर्षापासून बी.एड. आणि एम.एड. दोन्ही एका वर्षाऐवजी दोन वर्षांचे झाले. शिक्षणाच्या दृष्टीने तो निर्णय मला योग्य वाटतो, कारण एका वर्षात प्रत्यक्ष सरावाला न्याय मिळत नव्हता. मात्र नोकरी करणाऱ्या शिक्षिकेसाठी त्याचा अर्थ असा झाला की पूर्वी एक वर्षाची बिनपगारी रजा मागावी लागे, ती आता दोन वर्षांची मागावी लागते. स्वयंसेवी संस्थांच्या शाळा मानधनावर चालतात, त्यांना इतका काळ जागा रिकामी ठेवणे परवडत नाही. त्यातून दोन टोके तयार होतात. एका टोकाला बी.एड. संपताच येणारी विशीतली मुले, दुसऱ्या टोकाला घरचे आर्थिक पाठबळ असलेल्या किंवा नोकरी सोडण्याची तयारी केलेल्या चाळिशीच्या आसपासच्या स्त्रिया. मधले दहा वर्षांच्या अनुभवाचे, तिशीतले, घर चालवण्याची जबाबदारी असलेले शिक्षक येईनासे होतात. आपल्या आकडेवारीत वयाची केवळ सरासरी काढलीत तर ती नेमकी या रिकाम्या जागेवर पडेल आणि वर्गात ज्या वयाचे कोणीच नाही ते वय वर्गाचे म्हणून छापले जाईल. वयोगट पाडूनच मांडा.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. शाळेत शिकवणाऱ्याला एम.एड.ने पगारात फारसा फरक पडत नाही. ती पदवी महाविद्यालयात अध्यापक व्हायला लागते. तेव्हा ‘का आलात?’ हा प्रश्न विचारल्याशिवाय ‘कोण आलात?’ याचे उत्तर अर्धेच राहील.

दुसरी_पाळी (इंदूर) · रविवार, दुपारी ३.३०

धाग्यात ज्या मातेचा उल्लेख आहे ती मी नाही, पण तिच्याच वाटेने गेलेली आहे. माझी मुलगी आता एकोणीस वर्षांची आहे, तिला बौद्धिक अक्षमता आहे. तिच्यासाठी म्हणून मी पदविका केली आणि मग थांबलेच नाही.

ताई, आपल्या प्रश्नावलीत ‘कुटुंबात दिव्यांग व्यक्ती आहे का?’ हा प्रश्न असणार, असे मी गृहीत धरते. तो जरूर असावा. पण तो कसा विचारायचा याचा विचार करा. माझ्या एम.एड.च्या वर्गात माझ्याशिवाय आणखी दोघी माता होत्या आणि त्यांतल्या एकीने ते दोन वर्षे कोणालाही सांगितले नाही. शेवटच्या परीक्षेनंतर तिने मला सांगितले. तिचे म्हणणे असे होते की एकदा आई म्हणून ओळख झाली की तिचे प्रत्येक मत ‘भावनेच्या भरात’ आहे असे धरले जाते आणि वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यावर बोलायला उभे राहिले तरी लोक तिच्या ज्ञानाऐवजी तिच्या दुःखाकडे पाहतात. मला स्वतःला याच्या उलट अनुभव आला. प्रत्येक तासाला ‘पालक म्हणून तुम्हाला काय वाटते?’ असे मला विचारले जाई आणि मी अभ्यास करून आलेली असताना माझ्याकडून केवळ अनुभवाची अपेक्षा केली जाई. दोन्हींमध्ये एकच गोष्ट होत होती, आम्हाला विद्यार्थी म्हणून पाहिले जात नव्हते.

आपल्या लघुप्रबंधात पालक-विद्यार्थ्यांची संख्या येईल तेव्हा ती खऱ्या संख्येपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे, हे तिथेच लिहावे. आणि ‘कुटुंबात’ या शब्दाऐवजी ‘ज्यांची रोजची काळजी आपण घेता किंवा घेतली आहे’ असे विचारावे. जिने पंधरा वर्षे नणंदेच्या मुलाला सांभाळले, ती ‘कुटुंबात’ या प्रश्नाला काय उत्तर द्यावे या संभ्रमात पडते.

सोडून देणाऱ्यांबद्दल विचारलेत म्हणून सांगते. माझ्याबरोबर पदविका केलेल्या तीन मातांना पुढे शिकायचे होते. त्यांना प्रवेशाची अट, शुल्क किंवा अभ्यास यांपैकी कशानेही अडवले नाही. दुपारी दोन ते पाच या वेळेत मोठ्या झालेल्या मुलाजवळ कोण थांबणार, या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. माझ्याकडे सासूबाई होत्या.

कान्हतीर (इंदूर) · रविवार, सायंकाळी ६.०५

दुसरी_पाळी ताई, आपला शब्दबदल मी आजच प्रश्नावलीत केला आहे. मी खरोखर ‘कुटुंबात’ असेच लिहिले होते. ‘आपण वर्गात असताना घरी काळजी कोण घेते?’ हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता, तोही घालते.

सर, वयाच्या सरासरीबद्दलची आपली सूचना पटली. मी सरासरी काढून ठेवली होती, ती चौतीसच्या जवळ येत होती आणि आमच्या तुकडीत त्या वयाचे कोणीही नाही.

सहा_बिंदू (उज्जैन) · रविवार, रात्री ९.२०

मी जन्मतः पूर्ण अंध आहे. दृष्टिदोष या विशेषीकरणात बी.एड. आणि नंतर एम.एड. केले. हा प्रतिसाद स्क्रीन रीडरच्या साहाय्याने लिहीत आहे.

‘दिव्यांग: होय किंवा नाही’ या रकान्याबद्दल मला बोलायचे आहे. २०१६च्या कायद्याच्या कलम ३२ नुसार शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के, दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. पूर्वी १९९५च्या कायद्यात हे प्रमाण ३ टक्के होते. आता प्रत्यक्ष चित्र पाहा. २०२०-२१च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात एकूण विद्यार्थी सुमारे ४ कोटी १४ लाख आहेत आणि त्यांत दिव्यांग विद्यार्थी सुमारे ७९ हजार, म्हणजे दर हजारात दोनही नाहीत. २०११च्या जनगणनेत देशाच्या लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. विशेष शिक्षणाच्या एम.एड.मध्ये आमचे प्रमाण या सर्वसाधारण चित्रापेक्षा बरे असेल असे कोणालाही वाटेल, आणि दृष्टिदोषाच्या वर्गात ते बरे असते हे मी अनुभवाने सांगू शकतो. आमच्या वर्गात आम्ही चौघे होतो.

पण हे ‘होय’ सर्वांना एकत्र करते. मी अंध, शेजारी बसणारा अल्पदृष्टी, मागे बसणारी पोलिओमुळे कुबडी वापरणारी, हे तिघे एकाच ‘होय’मध्ये मोजले गेले. कर्णबधिर विद्यार्थी मात्र त्या ‘होय’मध्ये कधीच नव्हते, हे त्या आकड्यावरून कोणाला कळणार नाही. कर्णबधिर मुलांच्या शिक्षकांना शिकवणारे कर्णबधिर अध्यापक इतके विरळ का, याचे कारण एम.एड.च्या आधीच घडून गेलेले असते. शाळेत भारतीय सांकेतिक भाषेतून शिक्षण मिळाले नाही, पदवीला दुभाषी मिळाला नाही, आणि ज्या थोड्यांनी पदवी घेतली त्यांना बी.एड.च्या मौखिक पाठांमध्ये अडवले गेले. भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झाले, म्हणजे दुभाषी तयार करण्याची ही राष्ट्रीय व्यवस्था तशी अलीकडची आहे.

आम्हा अंध विद्यार्थ्यांबाबत दुसराच धोका असतो. आम्ही दृष्टिदोष हेच विशेषीकरण घ्यावे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. मला अध्ययन अक्षमता हा विषय घ्यायचा होता. एका ठिकाणी चौकशी केली तेव्हा ‘मुलाच्या हस्ताक्षरातल्या चुका तुम्ही कशा पाहणार?’ असे विचारण्यात आले. प्रश्न विचारणाऱ्या व्यक्तीच्या मनात वाईट काही नव्हते, पण त्या प्रश्नाला उत्तर शोधण्याची तिची तयारीही नव्हती. मूल वाचताना कुठे अडखळते हे ऐकण्यात मी कोणापेक्षा मागे नाही, आणि हस्ताक्षर वाचून दाखवायला एक सहायक पुरेसा झाला असता. तेव्हा दिव्यांग विद्यार्थ्यांची संख्या मोजताना ते कोणत्या विशेषीकरणात आहेत आणि त्यांची पहिली पसंती कोणती होती, या दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात.

निमाडचा_वाटसरू (बडवानी) · सोमवार, सकाळी ७.४०

मी पुरुष आहे, अनुसूचित जमातीतला आहे आणि एम.एड.ला प्रवेश मिळूनही गेलो नाही. म्हणजे ताईंना ज्याचे म्हणणे हवे आहे तो मीच. मराठी ही माझी मातृभाषा नाही, घरी आम्ही बारेली बोलतो. आईचे माहेर सीमेपलीकडे महाराष्ट्रात शहाद्याजवळ असल्याने मराठी लिहिता-वाचता येते.

मी जनपद शिक्षा केंद्रात, म्हणजे तालुका पातळीवरील शासकीय शिक्षण कार्यालयात, कंत्राटी पदावर आहे. माझ्याकडे अनेक शाळा आहेत आणि एका शाळेत पुन्हा जायला बरेच दिवस लागतात. बी.एड. मी नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने केले, भोज मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमामुळे ते शक्य झाले. एम.एड. नियमित असल्याने नोकरी सोडावी लागली असती. कंत्राटी माणूस दोन वर्षे गेला तर परत त्याच जागेवर येण्याची शाश्वती नसते. घरात कमावता मी एकटाच आहे.

शहरातल्या वर्गात पुरुष कमी का, याचे माझ्या दृष्टीने एक कारण असे की शहरातल्या विशेष शाळांतले मानधन एका कुटुंबाला पुरत नाही. ज्या घरात दुसरे उत्पन्न आहे तिथल्याच व्यक्तीला ते काम करता येते, आणि आपल्या समाजात ती व्यक्ती बहुधा स्त्री असते. स्त्रिया या कामाला स्वभावतः अधिक योग्य असतात, म्हणून त्या संख्येने जास्त आहेत, असे जे सांगितले जाते ते मला मान्य नाही. माझ्यासारखे जे पुरुष आहेत ते तालुक्यांत कंत्राटी जागांवर फिरतात आणि म्हणून एम.एड.च्या वर्गात दिसत नाहीत.

हे चित्र बदलू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडेय प्रकरणात विशेष शिक्षकांच्या नियमित जागांचा प्रश्न ऐरणीवर आणला. त्यानंतर प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक असे प्रमाण केंद्र सरकारने ठरवले. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून अधिसूचित करण्याचा आणि वर्षानुवर्षे कंत्राटी काम करणाऱ्या पात्र शिक्षकांचा विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा आदेश दिला. नियमित पद मिळाले तर अभ्यासाच्या रजेचा हक्क मिळेल, आणि मग माझ्यासारखा माणूस एम.एड.चा अर्ज पुन्हा भरेल. तेव्हा ताईंनी तुकड्यांची तुलना करताना आधीच्या आणि या आदेशांनंतरच्या तुकड्या वेगळ्या ठेवाव्यात.

भाषेबद्दल ताईंनी लिहिले ते अगदी खरे आहे. बुद्धिमापनाची चाचणी हिंदीत घेतल्यामुळे केवळ बारेली बोलणाऱ्या मुलाला बौद्धिक अक्षमता ठरवलेले मी पाहिले आहे. ते मूल शेळ्या मोजण्यात एकदाही चुकत नव्हते. ती चाचणी घेणाऱ्या व्यक्तीकडे सर्व पात्रता होती, फक्त मुलाची भाषा नव्हती.

बडोदेकर (वडोदरा) · सोमवार, सकाळी ११.१०

आमच्याकडील एक निराळी बाजू नोंदवते. मी दांडिया बाजारात वाढलेली, घरी मराठी, बाहेर गुजराती. मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात मानव विकास या विषयात पदव्युत्तर पदवी घेतली आणि आता एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांसोबत काम करते. माझ्याबरोबर शिकलेल्या अनेक जणी आज याच क्षेत्रात आहेत, पण त्या विशेष शिक्षणाच्या एम.एड.च्या कोणत्याही मोजणीत येणार नाहीत. आम्ही बहुतेक जणी पदवीनंतर लगेच आलेल्या, शहरी, इंग्रजी माध्यमातल्या होतो. म्हणजे इंदूरच्या वर्गात ज्यांची संख्या कमी दिसते, त्यांतल्या काही तरुण मुली मानसशास्त्र आणि मानव विकासाच्या दाराने आत येत आहेत. नंतर नोंदणीसाठी पदविका करावी लागते, ती मीही केली. आपल्या लघुप्रबंधाची मर्यादा लिहिताना या समांतर वाटेचा एक परिच्छेद यावा, असे सुचवते.

पाठनियोजन (भोपाळ) · सोमवार, दुपारी २.३०

आता पद्धतीविषयी थोडे लिहितो, कारण परीक्षकांचे पहिले प्रश्न तिथेच येतील.

ताई, एका तुकडीत वीसच्या आसपास विद्यार्थी असतात. तिथे एक जण वाढला की प्रमाण ५ टक्क्यांनी वाढते. ‘पुरुषांचे प्रमाण ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेले’ हे वाक्य वाचणाऱ्याला मोठा बदल वाटतो, प्रत्यक्षात एका मित्राने दुसऱ्या मित्राला सोबत आणलेले असते. टक्के देऊ नका, सरळ संख्या द्या, आणि शक्य तितक्या तुकड्या एकत्र घेऊनच मग प्रमाणाबद्दल बोला.

याहून गंभीर बाब गोपनीयतेची आहे. दुसरी_पाळी ताईंनी ज्या मैत्रिणीबद्दल लिहिले, तिने आपल्या प्रश्नावलीत विश्वासाने ‘होय’ लिहिले असे समजा. आपण तक्त्यात ‘तुकडी अमुक, वय ४० ते ४५, देवास जिल्हा, मुलास स्वमग्नता: १’ असे छापले, तर नाव नसतानाही तिच्या सर्व वर्गमैत्रिणींना ती कोण हे कळेल. सहा_बिंदू यांच्या बाबतीतही तेच. दिव्यांगत्वाचा प्रकार नोंदवा हे त्यांचे म्हणणे योग्यच आहे, परंतु प्रकार नोंदवला की एकटी व्यक्ती उघड होते. यावर मार्ग असा की माहिती तपशिलाने गोळा करावी आणि छापताना ज्या खान्यात पाचपेक्षा कमी व्यक्ती येतात तो खाना जवळच्या खान्यात मिसळावा. त्या व्यक्तींना जे सांगायचे आहे ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या शब्दांत, वेगळ्या प्रकरणात मांडावे.

सहा_बिंदू (उज्जैन) · सोमवार, दुपारी ४.००

सर, आपला आदर राखून मतभेद नोंदवतो. पाचपेक्षा कमी म्हणून मिसळायचे ठरवले तर कर्णबधिर विद्यार्थी प्रत्येक अहवालात कायम ‘इतर’मध्येच जातील, कारण ते कधीच पाच नसतात. लपवणे त्यांच्या हिताचे आहे हे त्यांच्या वतीने आपण ठरवतो आहोत. आधी त्यांना विचारावे. माझ्यापुरते सांगतो, ‘पूर्ण अंध: १’ असे छापलेले मला हवे आहे.

पाठनियोजन (भोपाळ) · सोमवार, सायंकाळी ५.१५

आपले म्हणणे मान्य करतो. माझा नियम ज्यांना आपली ओळख झाकायची आहे त्यांच्यासाठी ठीक आहे, सर्वांवर लादण्यासाठी नाही. ताई, प्रत्येक संवेदनशील प्रश्नाखाली ‘हे उत्तर संख्येच्या रूपात वेगळे छापण्यास माझी संमती आहे किंवा नाही’ असा एक चौकोन ठेवावा. शून्य मात्र नेहमी छापावे. ‘कर्णबधिर विद्यार्थी: ०’ यात कोणाची ओळख उघड होत नाही.

कान्हतीर (इंदूर) · सोमवार, रात्री १०.३०

कालपासून या धाग्यावर मला जे मिळाले त्यासाठी सर्वांची मनापासून आभारी आहे. आज मार्गदर्शक बाईंना सर्व प्रतिसाद वाचून दाखवले. प्रश्नावलीत आता पुढील भर पडली आहे: घरची भाषा, शालेय शिक्षणाची भाषा आणि शिकवताना वापरण्याची भाषा वेगवेगळ्या, बी.एड. आणि एम.एड. यांच्यामधील वर्षे, त्या काळातले काम आणि ते नियमित होते की कंत्राटी, रजा पगारी की बिनपगारी, वर्गात असताना घरी काळजी कोण घेते, विशेषीकरणाची पहिली पसंती आणि प्रत्यक्ष मिळालेले विशेषीकरण, आणि प्रत्येक संवेदनशील उत्तराखाली संमतीचा चौकोन. शून्य छापण्याची सूचना बाईंना फार आवडली. आमच्या मागील तुकड्यांच्या नोंदीत भिली, भिलाली किंवा बारेली बोलणाऱ्यांचा रकानाच नसल्याने ते शून्य आजवर कोणी लिहिलेले नाही.

निमाडचे दादा, प्रवेश मिळूनही न आलेल्यांची यादी कार्यालयात असते असे आज कळले. त्यांच्यासाठी चार प्रश्नांचा वेगळा कागद करण्यास बाईंनी होकार दिला आहे. आपली हरकत नसेल तर पहिला कागद आपल्याला पाठवते. प्रश्न हिंदीत आहेत, आपण बारेलीत तोंडी उत्तरे दिलीत तरी चालेल, लिहून घेण्याची व्यवस्था मी करीन.

प्रश्नावली उद्या छापायला देत आहे. स्कॅन केलेली प्रतही सर्वांना पाठवीन.

सहा_बिंदू (उज्जैन) · सोमवार, रात्री १०.५०

ताई, कृपया स्कॅन पाठवू नका, माझ्या स्क्रीन रीडरला ते कोरे पान दिसते. कृतिदेव टंकात लिहिलेली फाइलही त्याला वाचता येत नाही, अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे ऐकू येतात. एम.एड.ची दोन वर्षे मला मिळालेल्या बहुतेक टिपणांची हीच अडचण होती. युनिकोडमध्ये टंकलेली साधी वर्ड फाइल पाठवलीत तर मी आणि माझ्या तुकडीतले इतर तिघे कोणाच्याही मदतीशिवाय भरून देऊ. संमतीचे चौकोन चित्राच्या स्वरूपात नकोत, तिथे ‘होय’ किंवा ‘नाही’ असे लिहायला जागा ठेवा.

कान्हतीर (इंदूर) · सोमवार, रात्री ११.०५

प्रश्नावली कृतिदेवमध्येच आहे. छपाई थांबवते आणि रात्रीतून युनिकोडमध्ये पुन्हा टंकते. सकाळी आपल्याला पहिली फाइल पाठवीन, ती नीट वाचली जाते का तेवढे कळवावे, मगच इतरांना पाठवीन.